रमी येणाऱ्याने चिनी माहजाँग कसा शिकावा

तुमचा प्रश्न असा: रमी चांगली येते, फोनवर टाइल्सच्या जोड्या जुळवायचा माहजाँगही भरपूर खेळून झाला, आता चार जणांनी टेबलाभोवती बसून खेळायचा मूळ चिनी खेळ शिकायचा आहे. पण नियम शोधायला गेलं की प्रत्येक ठिकाणी वेगळेच सापडतात, चिनी अक्षरं वाचता येत नाहीत आणि गुणांचे तक्ते पाहून धीर खचतो. सुरुवात कुठून करायची?

रमीपासूनच करा. फोनवरच्या खेळाचा इथे फारसा उपयोग नाही. तो एकट्याने खेळायचा खेळ १९८१ मध्ये ब्रॉडी लॉकार्ड या अमेरिकन प्रोग्रॅमरने प्लेटो नावाच्या संगणक-व्यवस्थेवर बनवला आणि १९८६ मध्ये 'शांघाय' या नावाने तो जगभर पसरला. त्याने टाइल्स तेवढ्या माहजाँगच्या घेतल्या, खेळ नाही. चिनी माहजाँगमध्ये समोर तीन माणसं असतात, आणि खेळाचा सगळा रस त्या तिघांत आहे.

रमीत हातात १३ पानं असतात, एक उचलायचं आणि एक टाकायचं. इथेही १३ टाइल्स, एक उचलायची, एक टाकायची. रमीत सिक्वेन्स आणि सेट लावता, इथेही तेच. डाव पुरा होतो तेव्हा हातात तीन-तीन टाइल्सचे चार गट आणि एक जोडी असते, म्हणजे एकूण १४. इथपर्यंत तुम्हाला काहीच नवीन नाही. फरक आता सांगतो, कारण रमीच्या सवयी नेमक्या तिथेच नडतात.

पहिला फरक असा की जोकर नाही. दुसरा, फुलांच्या टाइल्स सोडल्या तर प्रत्येक टाइल हुबेहूब चार वेळा असते, त्यामुळे 'सेट' म्हणजे तीच टाइल तीनदा. वेगवेगळ्या रंगांतल्या तीन पंजा इथे चालत नाहीत. तिसरा, सिक्वेन्स बरोबर तीनचाच: ४-५-६-७ असं लांबवता येत नाही. चौथा, जोडी लागतेच, आणि नवशिक्यांचे निम्मे डाव जोडीवर अडतात. पाचवा फरक सगळ्यात महत्त्वाचा. रमीत दुसऱ्याने डिक्लेअर केलं की तुमच्या हातातली न लागलेली पानं मोजतात, म्हणून तुम्ही राजा-राणी आधी टाकून मोकळे होता. हाँगकाँगच्या पद्धतीच्या माहजाँगमध्ये हरलेल्याच्या हातात काय उरलं याला किंमतच नाही. किंमत आहे ती ज्या टाइलवर दुसरा जिंकला, ती कोणी टाकली याला. त्यामुळे रमीत पान टाकताना 'मला हे नको' एवढा विचार पुरतो, माहजाँगमध्ये 'हे कोणाला हवं असेल' हा विचार आधी करावा लागतो. ज्याला हे लवकर उमगतं तो लवकर शिकतो, बाकी सगळं पाठांतर आहे.

आता टाइल्स. पूर्ण संचात १४४ असतात. तीन रंग: गोल, बांबू आणि वान. प्रत्येक रंगात १ ते ९, प्रत्येकी चार, म्हणजे एका रंगाच्या ३६ आणि तिन्ही मिळून १०८. हे तिन्ही रंग मुळात पैशाचे: गोल म्हणजे नाणी, बांबू म्हणजे नाण्यांच्या ओवलेल्या माळा आणि वान म्हणजे दहा हजार. त्याशिवाय चार वारे (पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर) प्रत्येकी चार, म्हणजे १६. तीन ड्रॅगन (लाल, हिरवा, पांढरा) प्रत्येकी चार, म्हणजे १२. आणि शेवटी फुलं-ऋतूंच्या आठ वेगवेगळ्या टाइल्स. वारे आणि ड्रॅगन यांचा सिक्वेन्स होत नाही, फक्त तीन सारख्या किंवा जोडी.

अक्षरांची भीती विनाकारण आहे. गोल तर नुसते मोजायचे. बांबूही मोजायचे, फक्त १ बांबूवर काडीऐवजी पक्षी असतो, तो पहिल्या दिवशी सगळ्यांना फुलांची टाइल वाटतो. वाचायचे काय ते वानचे नऊ आकडे. वानच्या प्रत्येक टाइलवर खाली तेच एक अक्षर असतं, बहुधा लाल रंगात. आकडा वर असतो. १, २, ३ म्हणजे एक, दोन, तीन आडव्या रेघा. ४ म्हणजे बंद चौकट आणि आत दोन लहान रेघा. ६ मध्ये वर टिंब, खाली आडवी रेघ आणि तिच्याखाली फाकलेले दोन पाय. ८ म्हणजे नुसत्या दोन तिरप्या रेघा, वर जवळ, खाली लांब. ७ मध्ये आडवी रेघ छेदून खाली जाणारी आणि उजवीकडे वळणारी रेघ. ९ मध्ये उजवीकडे गळासारखा आकडा. उरला तो ५, तोच सगळ्यात गजबजलेला. वाऱ्यांपैकी उत्तर सोपी, दोन माणसं पाठीला पाठ लावून बसल्यासारखी. पांढरा ड्रॅगन कोरा असतो किंवा नुसती चौकट असते, आणि तो संचातली जादा कोरी टाइल समजून बाजूला ठेवणारे मी पाहिले आहेत. एक संध्याकाळ टाइल्स रंगवार ओळीत लावत बसलात की अक्षरं पाठ होतात. कोपऱ्यात इंग्रजी आकडे छापलेले संचही मिळतात, पण ते घेऊ नका असं मी सांगेन. त्या आकड्यांची सवय लागली की दुसऱ्याच्या घरी खेळताना अडखळायला होतं.

नियम कुठले धरायचे, हा तुमचा खरा अडसर. इतके प्रकार का आहेत ते आधी समजून घ्या म्हणजे गोंधळ कमी होईल. कन्फ्यूशियसने हा खेळ शोधला असं अनेक ठिकाणी लिहिलेलं असतं, त्यात तथ्य नाही. आज आपण ओळखतो तो माहजाँग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, छिंग राजवटीच्या शेवटच्या काळात, निंगपो-शांघाय परिसरात आकाराला आला. त्याच्यामागे नाण्यांचे रंग असलेल्या जुन्या चिनी पत्त्यांची परंपरा होती. निंगपोचे लोक चन यूमन या आपल्या गावच्या माणसाला त्याचं श्रेय देतात, आणि तिथल्या थ्यानयी ग्रंथालयाच्या आवारात माहजाँगचं संग्रहालयही आहे. तिथून खेळ चीनभर गेला आणि प्रत्येक प्रांताने तो आपल्यापरीने बदलला. सचुआनमध्ये वारे-ड्रॅगन काढूनच टाकले, फक्त १०८ टाइल्सवर खेळतात, सिक्वेन्ससाठी दुसऱ्याची टाइल उचलता येत नाही आणि एक जण जिंकला तरी उरलेले खेळतच राहतात. तैवानमध्ये हातात १३ ऐवजी १६ टाइल्स. १९२० मध्ये जोसेफ बॅबकॉक या स्टँडर्ड ऑइलच्या माणसाने इंग्रजीत सोपे केलेले नियम छापले आणि अमेरिकेत या खेळाचं वेड पसरलं. तिथे पुढे जोकर आले, जिंकायला चालणाऱ्या हातांची यादी असलेलं, दरवर्षी बदलणारं कार्ड आलं. जपानने स्वतःचा वेगळा, अतिशय काटेकोर प्रकार घडवला. चीनमध्ये १९४९ नंतर जुगार म्हणून या खेळावर बरीच बंधनं आली. १९९८ मध्ये तिथल्याच क्रीडा खात्याने स्पर्धांसाठी अधिकृत नियम बनवले: ८१ प्रकारचे गुण, आणि जिंकायला किमान ८ गुण हवेत.

तुमच्यासाठी मी हाँगकाँगची जुनी पद्धत सुचवतो. स्पर्धांचे अधिकृत नियम उत्तम आहेत, पण ८१ प्रकार डोक्यात ठेवून पहिला डाव खेळणं म्हणजे स्वतःला छळणं. त्याहून जुनी, १९२० च्या आसपासची पद्धत मला आवडते, पण तिच्यात हरलेले तिघेही आपापल्या गटांचे गुण मोजून एकमेकांत हिशेब करतात आणि डावापेक्षा हिशेबाला वेळ लागतो. हाँगकाँगच्या पद्धतीत फक्त जिंकणाऱ्याचे गुण मोजायचे. ते मोजणंही सोपं आहे, आणि त्याच्या जोरावर कँटोनीज माणसं जिथे जिथे आहेत तिथे टेबलावर बसता येतं. एकदा निवडलं की पहिले काही महिने दुसऱ्या प्रकाराकडे बघू नका. व्हिडिओ पाहताना तो जपानी प्रकाराचा नाही ना, हे तपासा. इंग्रजीतलं शिकवणीचं साहित्य बरंचसं त्याचंच असतं आणि तिथले 'हे चालत नाही' हे नियम इथे लागू नसतात.

मांडणी एकदा करून बघितली की विसरत नाही. टाइल्स पालथ्या घालून चौघांनी हातांनी ढवळायच्या, मग प्रत्येकाने आपल्यासमोर १८ टाइल्सची रांग आणि तिच्यावर तेवढ्याच, अशी दुमजली भिंत उभारायची. चार भिंतींचा चौकोन होतो. पूर्वेला बसलेला भिडू वाटणारा. त्याच्या उजवीकडे दक्षिण, समोर पश्चिम, डावीकडे उत्तर. नकाशाशी ताडून बघू नका, हा क्रम नकाशाच्या उलटा आहे. पूर्व फासे टाकतो, हाँगकाँगमध्ये बहुधा तीन. बेरीज येईल तेवढं स्वतःपासून उजवीकडे मोजत जायचं. ज्याच्यापाशी मोजणी थांबेल त्याच्या भिंतीच्या उजव्या टोकापासून तितक्याच जोड्या सोडून भिंत फोडायची. प्रत्येकाने चार-चार टाइल्स तीनदा घ्यायच्या, मग एकेक, आणि पूर्वेला एक जादा. पूर्वेने १४ मधली एक टाकली की डाव सुरू. पाळी घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरते, भिंत मात्र घड्याळाच्या दिशेने संपत जाते. पहिल्या दिवशी कोणीतरी चुकीच्या टोकाची टाइल उचलतंच. हातात फूल आलं तर ते लगेच उघडं ठेवून भिंतीच्या मागच्या टोकाची टाइल घ्यायची.

दुसऱ्याने टाकलेली टाइल उचलण्याचे नियम नीट बघा. सिक्वेन्ससाठी, ज्याला चाव म्हणतात, टाइल उचलता येते ती फक्त तुमच्या आधी खेळलेल्या, म्हणजे डाव्या हाताच्या भिडूची. तीन सारख्यांसाठी, म्हणजे पंगसाठी, कोणाचीही. चार सारख्यांना काँग म्हणतात. त्यासाठीही कोणाचीही टाइल चालते, पण काँग झाल्यावर मागच्या टोकाची एक टाइल घ्यायची, कारण चार टाइल्स असल्या तरी तो गट तीनचाच धरतात. हे विसरलं की हातात एक टाइल कमी पडते आणि तो डाव जिंकताच येत नाही. जिंकण्यासाठी तर कोणाचीही टाइल, कुठल्याही गटासाठी. एकाच टाइलवर दोघांनी हाक दिली तर आधी जिंकणारा, मग पंग-काँग, शेवटी चाव. उचलून केलेला गट उघडा मांडावा लागतो आणि मग तो मोडता येत नाही. पंग केला की पाळी तुमच्याकडे उडी मारते आणि मधल्या भिडूंची उचलण्याची संधी जाते.

शिकवताना मी नेहमी पहिली बैठक फक्त १०८ टाइल्सवर घेतो. वारे, ड्रॅगन, फुलं पेटीतच ठेवायची. पहिले दोन-तीन डाव चौघांनी टाइल्स उघड्या ठेवून खेळायचे, एकमेकांना 'तू हे का टाकलंस' असं विचारत. गुण नाहीत. हाताला उचल-टाक बसली की टाइल्स उभ्या करायच्या. पुढच्या बैठकीत वारे आणि ड्रॅगन आणायचे, त्यानंतर फुलं, आणि मगच गुण. लोक याच्या उलट करतात: आधी गुणांचा तक्ता छापून आणतात, 'तेरा अनाथ' नावाचा प्रत्येक रंगाचा १, ९, सगळे वारे आणि ड्रॅगन जमवायचा दुर्मीळ हात वाचून हरखतात आणि पहिल्याच रात्री त्याच्यामागे लागतात.

आता हात कसा बांधायचा. चार गट आणि एक जोडी म्हणजे पाच तुकडे. तुमच्या हातात नेहमी पाच तुकड्यांचं साहित्य दिसलं पाहिजे; सहावा तुकडा हा बोजा. दोन टाइल्सच्या अर्धवट तुकड्यांची ताकद सारखी नसते. ४-५ हातात असेल तर ३ किंवा ६ चालतो, म्हणजे तुमच्यासाठी आठ टाइल्स. ४-६ असेल तर फक्त ५, चार टाइल्स. १-२ असेल तर फक्त ३, चारच. दोन जोड्या हातात असून त्यातल्या एकीचा पंग व्हायचा असेल तर दोन अधिक दोन, चार. एकट्या टाइलची जोडी जमवायची असेल तर तीनच. आणि २-३-४-५-६ अशा पाच सलग टाइल्सवर थांबलात तर १, ४ किंवा ७, एकूण अकरा. हे आकडे पाठ असू द्या. अर्थात टेबलावर उघड्या दिसणाऱ्या टाइल्स त्यातून वजा करायच्या. ३ किंवा ६ ची वाट बघताय आणि तीन ६ आधीच पडलेत, तर तुमच्या आठच्या पाच झाल्या.

एक हात घेऊ. तुम्ही दक्षिणेला बसलात, पूर्वेची फेरी (पूर्ण खेळातल्या चार फेऱ्यांपैकी पहिली, तिचा वारा पूर्व) चालू आहे, आणि उचलल्यावर हातात आहे: वान २-३, वान ७-९, गोल ४-५-५, गोल ८, बांबू १, बांबू ६-७, लाल ड्रॅगन, उत्तर, पश्चिम. रमीवाला इथे ९ टाकायला बघतो. टाका उत्तर किंवा पश्चिम. ते तुमच्या जागेचे वारे नाहीत, फेरीचेही नाहीत, म्हणून त्यांचा पंग केला तरी तुम्हाला गुण मिळत नाहीत; ज्याचे ते आहेत त्याच्याकडे अजून जोडी झालेली नसण्याचीच शक्यता जास्त. उशिरा टाकलेत तर त्याची जोडी झालेली असेल आणि तुम्हीच त्याला पंग द्याल. मग बांबू १, कारण तिला २ आणि ३ च उपयोगी. गोल ८ थोडी थांबवा. ७ आली की ७-८ असा चांगला तुकडा होतो आणि मग ज्याला फक्त ८ चालतो असा वान ७-९ सोडता येतो. लाल ड्रॅगन एक-दोन पाळ्या ठेवायला हरकत नाही, त्याहून जास्त नको.

नवशिक्याचा हात शिवशिवतो तो हाक द्यायला. चाव दिसला की उचल, पंग दिसला की उचल. तीन गट उघडे पडतात, हातात चार टाइल्स उरतात, आणि ज्याची वाट बघतोय ते सगळ्या टेबलाला दिसतं. शिवाय हातात पर्यायच उरत नाहीत. कोणाला तरी घातक ठरेल अशी टाइल आली तर तीच टाकावी लागते. माझा साधा नियम: ड्रॅगनचा किंवा आपल्या वाऱ्याचा पंग मिळाला तर घ्या, तो गुण देतो. चाव मात्र पहिल्या पाच-सहा पाळ्यांत घेऊच नका, अपवाद फक्त ४-६ मधल्या ५ सारखी अवघड जागा भरणाऱ्या चावचा.

आणि आता टाकण्याबद्दल, ज्यासाठी मी एवढं सगळं लिहीत आलो. हाँगकाँगमध्ये टाकलेल्या टाइल्स मधोमध ढिगात जातात, कोणी काय टाकलं ते लक्षात ठेवावं लागतं. शिकताना असं करू नका. जपानी लोकांप्रमाणे प्रत्येकाने आपण टाकलेल्या टाइल्स आपल्यासमोर सहा-सहाच्या ओळीत, ज्या क्रमाने टाकल्या त्याच क्रमाने मांडाव्यात. चिनी टेबलावरच्या बुजुर्गांना हे आवडणार नाही, पण शिकणाऱ्याला याच्याइतकं दुसरं काहीच शिकवत नाही. त्या ओळी वाचायला लागा. एखाद्याने गोल टाकले, वान टाकले, पण बांबूची एकही टाइल टाकली नाही: तो बांबूचाच हात बांधतोय. त्याच्या ओळीत पहिली बांबू टाइल पडेल ती खूण असते की आता त्याच्याकडे बांबू उतू चाललेत आणि तो जवळ आलाय. एखाद्याने सुरुवातीलाच ४, ५, ६ अशा मधल्या टाइल्स टाकल्या: त्याला सिक्वेन्स नको आहेत, पंग किंवा वारे-ड्रॅगन हवे आहेत. एखादा बऱ्याच पाळ्या जी टाइल उचलतो तीच टाकतोय, हातातलं काही हलवत नाही: तो एका टाइलवर थांबलाय असं धरून चला. दहाव्या पाळीनंतर कोणी लाल ड्रॅगन टाकला तर तो इतका वेळ का ठेवला होता आणि आता का सोडला, याचा विचार करा.

१४४ टाइल्समधून वाटपात ५३ जातात, उरतात ९१. म्हणजे प्रत्येकाला जास्तीत जास्त बावीस-तेवीस पाळ्या, आणि बहुतेक डाव त्याच्या कितीतरी आधी संपतात. मी दहाव्या पाळीच्या सुमाराला थांबून स्वतःला विचारतो: मला आणखी किती टाइल्स हव्यात? एक हवी असेल तर पुढे जातो. दोन हव्या असतील तर हाताची किंमत बघतो. तीन हव्या असतील आणि समोर कोणी तयार दिसत असेल, तर जिंकायचा विचार सोडतो आणि उरलेला डाव फक्त सुरक्षित टाइल्स टाकतो. सगळ्यात सुरक्षित टाइल म्हणजे आत्ताच, तुमच्या पाळीच्या जरा आधी दुसऱ्याने टाकलेली आणि कोणी न उचललेली. जपानी प्रकारात भिडूने स्वतः आधी टाकलेली टाइल त्याच्यापुरती पूर्ण सुरक्षित असते; इथे तसा नियम नाही, म्हणून तेवढ्यावर विसंबू नका. ज्याच्या तीन टाइल्स उघड्या दिसतायत अशी चौथी टाइलही बऱ्यापैकी सुरक्षित, आणि तो वारा किंवा ड्रॅगन असेल तर जवळजवळ निर्धास्त.

हात सोडणं रमीतही आहे, पॅक करता येतं. इथे पॅक करता येत नाही, खेळत राहायचं आणि न हरता बाहेर पडायचं. चार हातांपैकी एकच तुमचा असणार आहे. उरलेल्या तीन हातांत तुम्ही किती कमी दिलंत, त्यावर रात्रीचा हिशेब ठरतो.

गुणांना हाँगकाँगमध्ये फान म्हणतात. सगळेच तक्ते लांबलचक दिसतात, पण रोजच्या खेळात एवढे पुरतात: सगळे गट सिक्वेन्सचे असतील तर १, ड्रॅगनच्या प्रत्येक पंगला १, आपल्या जागेच्या वाऱ्याला १, फेरीच्या वाऱ्याला १, शेवटची टाइल स्वतः भिंतीतून उचलली तर १, एकही फूल नसेल तर १, आपल्या जागेच्या क्रमांकाचं (पूर्व १, दक्षिण २, पश्चिम ३, उत्तर ४) फूल असेल तरी १, सगळे गट पंगचे असतील तर ३, एकच रंग आणि सोबत वारे-ड्रॅगन असतील तर ३, निव्वळ एकच रंग असेल तर ७. प्रत्येक फानला पैसे दुप्पट होतात, आणि कमाल मर्यादा आधी ठरवून ठेवायची. शून्य फानला एक चिप धरली तर तीन फानला आठ होतात. स्वतः उचलून जिंकलात तर तिघे देतात. दुसऱ्याच्या टाइलवर जिंकलात तर टाकणाऱ्यावर बोजा पडतो. तो एकट्यावर की बाकीच्यांनीही काही द्यायचं, हे घरोघरी वेगळं असतं, तेव्हा बसण्यापूर्वी ठरवा. हाँगकाँगमध्ये साधारणपणे तीन फानांशिवाय जिंकता येत नाही. तुम्ही शून्याने सुरू करा, मग एक, आणि हात वाचता यायला लागले की तीन. तीनची अट आली की खेळ एकदम बदलतो: मिळेल तसा हात पुरा करून चालत नाही, चौथ्या-पाचव्या पाळीतच ठरवावं लागतं की हा हात एका रंगाकडे न्यायचा, पंगकडे न्यायचा, की सिक्वेन्स, फुलं नाहीत आणि स्वतः उचल असे तीन जमवायचे.

चिप्स जरूर वापरा, पैसे लावायची गरज नाही. पण चिप्सशिवाय खेळू नका, कारण काहीच गमावायचं नसेल तर कोणी हात सोडत नाही आणि टाकण्याचं शिक्षण होत नाही.

भिडू कुठे मिळतील? मुंबईतल्या क्लबांमध्ये आणि सैन्यदलातल्या कुटुंबांमध्ये, मुख्यतः बायकांच्या गटांत, माहजाँग कित्येक वर्षांपासून खेळला जातो. पुण्यासारख्या छावणीच्या शहरातही ओळखीतून असे गट सापडतात. त्यांना भेटा, त्या मंडळींचा टाइल्स हाताळण्याचा वेग बघण्यासारखा असतो. फक्त एक लक्षात ठेवा: त्यांचे नियम बहुतेक ठिकाणी इंग्रजी वळणाचे आहेत, त्यांच्याकडे विशेष हातांची ठरलेली यादी असते आणि गुणही वेगळे मोजतात. त्यांच्या टेबलावर त्यांच्याच नियमांनी खेळायचं. 'हाँगकाँगमध्ये असं नसतं' हे वाक्य तिथे उच्चारू नका. नाहीतर आपल्या घरचे चौघे पुरेत, रमीचा जुना अड्डा असेल तर उत्तमच. एक पूर्ण खेळ म्हणजे चार वाऱ्यांच्या चार फेऱ्या, किमान सोळा डाव. नवशिक्यांनी एका संध्याकाळी एकच फेरी करावी. आठवड्यातून एकदा बसलात तर महिना-दीड महिन्यात नियम अंगवळणी पडतील. समोरच्याची ओळ वाचून हातातली टाइल परत ठेवण्याइतकी नजर यायला वर्ष लागतं, आणि ते वर्ष फार आनंदाचं असतं.

संच घेताना पेटी उघडून बघा. ५ च्या काही टाइल्स पूर्ण लाल असतील तर तो जपानी संच, टाइल्सही लहान असतील. जोकर असतील तर अमेरिकन. जोकर काढून ठेवले तर चालेल. चिनी संचाच्या टाइल्स मोठ्या, जाड आणि स्वतःच्या तळावर उभ्या राहणाऱ्या असतात, लाकडी पट्ट्यांची गरज पडत नाही. १४४ मोजून घ्या, फासे आणि फेरीचा वारा दाखवणारी खूण आहे ना बघा, आणि टेबलावर जाड चादर किंवा सतरंजी अंथरा, नाहीतर खालच्या मजल्यावरचे शेजारी दुसऱ्याच रात्री वर येतील.